आउटबोर्ड मोटरमधील प्रज्वलनदोष

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरच्या अंगाने बसवलेल्या आउटबोर्ड मोटरमध्ये इंधन-हवेचे मिश्रण वेळेवर आणि पुरेशा जोराने पेटत नसेल, तर त्या बिघाडाला प्रज्वलनदोष म्हणतात. इंजिन सुरूच न होणे, एखादा सिलिंडर ‘मिस’ मारणे, गरम झाल्यावर बंद पडणे, वेग वाढवताना अडखळणे आणि कार्बुरेटरमधून उलटा भडका येणे ही त्याची नेहमीची रूपे. इंधनात पाणी गेले, कार्बुरेटरचे जेट तुंबले किंवा कॉम्प्रेशन उतरले तरी इंजिन याच तक्रारी करते, म्हणून दोष ठिणगीचाच आहे हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता आधी प्लग, मग कॉइल, मग सीडीआय (कॅपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) असे भाग बदलत सुटणे हा दुरुस्तीचा सर्वांत महाग मार्ग आहे, आणि सर्वांत रुळलेलाही.

रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्चदाब मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. फिरत्या चुंबकातूनच ठिणगीची वीज काढण्याचे ते तत्त्व पुष्कळ आउटबोर्ड मोटरींच्या फ्लायव्हीलखाली, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकाखाली, आजही नांदते आहे, म्हणून तर बॅटरी नसली तरी दोरी ओढून त्या सुरू होतात. जुन्या मोटरींत प्रवाह तोडण्याचे काम पॉइंट आणि कंडेन्सर करत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या मोटरींत त्यांची जागा सीडीआयने घ्यायला सुरुवात केली. सीडीआयमध्ये फ्लायव्हीलखालची चार्ज कॉइल एका धारित्रात काहीशे व्होल्टचा भार साठवते. ट्रिगर कॉइलचा इशारा मिळताच हा भार इग्निशन कॉइलमध्ये रिता होतो आणि प्लगच्या फटीत हजारो व्होल्टची ठिणगी उडते. मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात हे दर सेकंदाला ९० हून अधिक वेळा घडते. अलीकडच्या इंधन-अंतःक्षेपण मोटरींत ठिणगीची वेळ संगणकीय नियंत्रक ठरवतो. त्यांतील अनेकांना सुस्थितीतली बॅटरी लागतेच.

या साखळीचा खरा शत्रू खारे पाणी. तांब्याच्या तारा आवरणाच्या आतून हिरव्या पडतात, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवरील अर्थिंगच्या स्क्रूखाली पांढरी भुकटी धरते, प्लगच्या टोपीत ओल साचते. बाहेरून मात्र सगळे ठाकठीक दिसते. सीडीआयची पेटी महाग असते आणि उघडून पाहता येत नाही, म्हणून संशय तिच्यावर लवकर जातो. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा चार पैशांच्या जोडणीत सापडतो.

थांबवण्याचे मंडल. ठिणगी मुळीच येत नसेल तर पहिली नजर इथे टाकावी. चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणाऱ्या आपत्कालीन दोरीची क्लिप जागेवर नसताना तासभर स्टार्टरची दोरी ओढत बसण्याचा प्रसंग अनुभवी नाविकावरही येतो. मॅग्नेटोवर चालणारे इंजिन बंद करायचे म्हणजे त्याची वीज ब्लॉकमध्ये उतरवायची, अर्थ करायची. त्यामुळे स्विचमध्ये मीठ धरले किंवा तारेचे आवरण कुठे घासले, की इंजिन कायमचे ‘बंद’ अवस्थेत राहते. स्विचकडे जाणारी थांबवण्याची तार सोडवून पुन्हा फिरवून पाहावे. आता ठिणगी आली, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे आणि पेटी निर्दोष आहे. तार सोडवल्यावर चावीने इंजिन थांबणार नाही. ते चोक ओढून थांबवावे लागते, आणि ही चाचणी बांधलेल्या होडीवरच करावी. मॅग्नेटो सीडीआयच्या या तारेला बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही लावू नयेत, चांगली पेटी क्षणात जळते. बॅटरीवर चालणाऱ्या प्रज्वलनात थांबवण्याची जोडणी वेगळी असू शकते, तिथे त्या इंजिनाचाच आराखडा पाहावा.

ठिणगी पाहणे. प्लग काढून ब्लॉकला टेकवायचा आणि दोरी ओढायची ही पद्धत सर्वपरिचित असली, तरी तिचा निकाल फसवा असतो. उघड्या हवेत एक मिलिमीटरपेक्षा कमी फट ओलांडायला फार दाब लागत नाही. तीच ठिणगी सिलिंडरात दाबल्या गेलेल्या मिश्रणात विझते. म्हणून फट बदलता येणारा स्पार्क टेस्टर वापरतात. बऱ्याच सीडीआय मोटरींसाठी सुमारे ११ मिलिमीटरची फट धरली जाते. ती फट निळसर पांढरी, कडकडणारी ठिणगी सलग ओलांडत असेल तर साखळी ठीक आहे. बारीक, नारिंगी ठिणगी अशक्त समजावी. टेस्टर प्लगच्या भोकांपासून दूर अर्थ करावा, कारण त्या भोकांतून पेट्रोलची वाफ फवारली जात असते. वायर हातात धरून ‘करंट’ पाहण्याचे धाडस करू नये, सीडीआयचा झटका धोकादायक असतो. वायर लोंबती ठेवून इंजिन फिरवणेही टाळावे. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा पेटी आतून फुटू शकते.

सगळ्याच सिलिंडरांची ठिणगी गेली असेल, तर दोष सर्वांना सामाईक भागात शोधायचा: थांबवण्याचे मंडल, चार्ज कॉइल, पेटी, किंवा निव्वळ दमलेली बॅटरी. सीडीआयला ठरावीक किमान वेग मिळाल्याशिवाय पुरेसा भार साठत नाही. सर्व प्लग काढून फिरवल्यावर ठिणगी आली आणि बसवल्यावर गेली, तर आधी स्टार्टर आणि बॅटरीची केबल तपासावी. एकाच सिलिंडरची ठिणगी गेली असेल तर सोपे आहे. शेजारची सारखीच कॉइल त्याला लावावी. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब, जागेवर राहिला तर शोध मागे पेटी आणि ट्रिगरकडे न्यावा. साधा मल्टिमीटर रोध दाखवतो, पण क्षणिक स्पंदांचा दाब त्याला पकडता येत नाही. त्यासाठी शिखर-व्होल्टेज मोजणारा ॲडॅप्टर लागतो. गार असताना रोध अचूक दाखवणारी कॉइल तापल्यावर दगा देते. इंजिन अर्ध्या तासाने बंद पडते आणि थंड झाल्यावर निमूट सुरू होते ते अनेकदा यामुळे.

प्लगचे वाचन. पुष्कळ फिरवूनही प्लग कोरडा निघाला तर इंधन पोहोचत नाही. पेट्रोलने ओला निघाला तर बहुधा ठिणगी नाही, किंवा इंजिन ओव्हरफ्लो झाले आहे. चाललेल्या इंजिनाच्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असावे. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण घट्ट (इंधन जास्त), किंवा मोटर तासन् तास मंद वेगात चाललेली. दोन-स्ट्रोकमध्ये ऑइलचे प्रमाण जास्त झाले की टोक काळे व तेलकट होते. पांढरे, फोड आलेले टोक अतितापाची खूण आहे. अशा वेळी प्लग बदलून गप्प न बसता पाण्याचा पंप आणि मिश्रण तपासावे. ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते कण दिसले तर पिस्टन वितळू लागला आहे, इंजिन पुढे चालवू नये. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर त्या सिलिंडरात पाणी शिरत असल्याची, बहुधा गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी.

प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की स्वतःची काजळी जाळते. ८५० च्या पलीकडे ते ठिणगीआधीच मिश्रण पेटवू लागते. उष्णता-श्रेणी या दोन टोकांत बसावी लागते. इथे एक गंमत, किंवा खरे तर सापळा, आहे: एनजीके या प्लग-निर्मात्याच्या अंकनात मोठा आकडा थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणाऱ्या, प्लगचा, तर चॅम्पियन या दुसऱ्या निर्मात्याच्या अंकनात मोठा आकडा गरम प्लगचा. आकडा जुळवून पर्यायी प्लग घेणाऱ्याचे पिस्टन धोक्यात येते. कोडमधला रोधाचा ‘आर’ही गाळू नये, नाहीतर विद्युत गोंगाटाने नियंत्रक गोंधळतो. फट बहुधा ०.८ ते १.० मिलिमीटरच्या आसपास असते. काही सीडीआय मोटरींच्या प्लगला मात्र बाजूचा इलेक्ट्रोड नसतोच, तिथे फट जुळवण्याचा प्रश्न येत नाही. वाळूच्या फवाऱ्याने प्लग साफ करणे टाळावे. पोर्सेलिनच्या कडेत अडकलेला कण पुढे सिलिंडर ओरबाडतो.

ठिणगी जोरकस, इंधन पोहोचते, कॉम्प्रेशन ठीक, तरी इंजिन फक्त भडके मारते, अशा कोड्यात फ्लायव्हील काढून पाहावे लागते. फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टवर नेमक्या जागी धरणारी चावी किंचित कातरली गेली असेल, तर चुंबक सरकतात आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. पंखा खडकावर आदळल्यावर असे होऊ शकते, पण ढिला नट हेही तितकेच मोठे कारण आहे. क्रँकशाफ्टच्या शंकूवरचे तेल पुसून नट निर्मात्याने दिलेल्या आघूर्णाने (टॉर्कने) आवळला नाही, तर नवी चावीही तशीच कातरली जाते.