‘जरा बाहेर थांबता का?’: माणूस आणि आभासी समुपदेशक यांच्या नात्याची पार्श्वभूमी

रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवरच्या चॅटबॉटशी बोलत बसणारी माणसं आता आपल्या ओळखीपाळखीत सापडतात. हे सगळं गेल्या चार वर्षांतलं वाटतं, पण गोष्ट साठ वर्षांपूर्वीची आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम जाहीर केला. त्याची करामत साधी होती. ‘आई माझी काळजी घेते’ असं टाइप केलं की तो विचारायचा, ‘घरात आणखी कोण तुमची काळजी घेतं?’ कुटुंबातल्या माणसाचा शब्द हेरायचा, ‘माझी’चं ‘तुमची’ करायचं आणि वाक्याचा प्रश्न करून परत द्यायचा. मानसतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांची पद्धत वायझेनबाम यांनी मुद्दाम निवडली होती. तिच्यात समुपदेशक बोलणाऱ्याचंच म्हणणं त्याच्यापुढे ठेवतो, त्यामुळे यंत्राला जगाबद्दल काही ठाऊक नसलं तरी निभावून जातं.

हा प्रोग्राम घडताना त्यांच्या सेक्रेटरीने महिनोन्‌महिने पाहिला होता. समोर माणूस नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तरी त्या प्रोग्रामशी चार वाक्यं झाली आणि तिने वायझेनबामनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. या प्रसंगाने ते हादरले. मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांना मात्र अशा प्रोग्राममध्ये रुग्णालयांतल्या मनुष्यबळाच्या टंचाईवरचा उपाय दिसत होता. दोघांचं बिनसलं. काही कामं यंत्राकडे सोपवता कामा नयेत, असं वायझेनबाम यांनी १९७६च्या पुस्तकात ठामपणे मांडलं.

उपचारातलं नातं मोजायची फूटपट्टी वेगळ्याच वाटेने आली. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन धागे सांगितले: कुठे पोहोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला जिव्हाळा. त्यावरून १९८९ मध्ये ३६ विधानांची प्रश्नावली तयार झाली. ती समोरासमोर बसलेल्या दोन माणसांसाठी होती. पुढे तिचीच छोटी आवृत्ती ॲपला लावली गेली. २०२१ मध्ये ‘वोबॉट’ या मानसिक आरोग्यासाठीच्या चॅटबॉटच्या ३६,०७० वापरकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जिव्हाळ्याचे गुण माणसाकडून होणाऱ्या उपचारांच्या तोडीचे निघाले, तेही पाचेक दिवसांत. अभ्यासात कंपनीचीच माणसं होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण आकडा मला खोटा वाटत नाही. सेक्रेटरीचंही तेच झालं होतं. फक्त त्यातून यंत्राला काही समजलं असं सिद्ध होत नाही. जीव लावला तो माणसाने.

लोक यंत्रापाशी मोकळे का होतात, याचा एक धागा २०१४ च्या प्रयोगात सापडतो. पडद्यावर ‘एली’ नावाची आभासी मुलाखतकार होती. तिच्यामागे माणूस नाही, असं ज्यांना सांगितलं होतं ते कमी बिचकले आणि दुःख जास्त उघडपणे दाखवू शकले. ‘लोक काय म्हणतील’ हे ओझं वाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

भारतात मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन (फोन-इंटरनेटवरून होणारे उपचार) मार्गदर्शक तत्त्वांनी रेघ ओढली: यंत्राने रुग्णाला सल्ला देऊ नये, औषध लिहून देऊ नये, डॉक्टरला मदत करावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही माणूसच बोलतो. ही रेघ मला योग्य वाटते. समुपदेशकाचं चुकलं, शब्द लागला, तर पुढच्या भेटीत दोघं त्यावर बोलतात आणि कित्येकदा नातं तिथेच पक्कं होतं. चुकीची जबाबदारी घ्यायला समोर कुणीतरी लागतं.

वोबॉटचं ॲप ३० जून २०२५ रोजी बंद झालं. समुपदेशनात निरोपाचीही तयारी करतात. शेवटच्या काही भेटी त्यासाठीच राखून ठेवतात. इथे निरोपाची तारीख कंपनीने ठरवली.