बेअरिंग कोणत्या देशाचं, यापेक्षा कसं आहे ते बघा
(शेतपंप, पिठाची गिरणी, रसवंती आणि छोटे कारखाने चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

काउंटरवर रोज ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, “चायनाचं नाही ना?” आणि त्याच्या मागोमाग, “जर्मनीचं असेल तर द्या.” आमच्याकडे भारतीय, जपानी, जर्मन, चिनी असा सगळा माल आहे. कोणतंही घेतलंत तरी आमची विक्री होतेच, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

डब्यावर देशाचं नाव छापायला काहीच खर्च येत नाही. बनावट माल करणारा म्हणूनच सगळ्यात आधी तेच छापतो. ‘मेड इन जर्मनी’ या शिक्क्याचा इतिहासही गमतीचा आहे. जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या स्वस्त सुऱ्या-कात्र्या इंग्लंडमधल्या शेफील्डच्या म्हणून खपवल्या जात होत्या, म्हणून ब्रिटनने १८८७ साली कायदा केला आणि ब्रिटिश वाटेल अशा परदेशी मालावर मूळ देश लिहिणं सक्तीचं केलं. गिऱ्हाइकाने सावध व्हावं म्हणून आलेला तो शिक्का. पुढे जर्मन कारखानदारांनी माल सुधारला आणि त्याच शिक्क्याला भाव आला.

शिवाय आज कंपनी एका देशाची आणि कारखाना दुसऱ्याच देशात, हे नेहमीचंच. एसकेएफ स्वीडनची, पण तिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. फॅग मूळची जर्मनीची, तिचा माल वडोदऱ्यातही बनतो. ‘स्वीडनचंच हवं’ म्हणणारे कित्येक जण चिंचवडचं बेअरिंग घेऊन जातात आणि त्यांची मोटर सुखाने चालते. बेअरिंगचं पोलादही ठरलेलं असतं. जर्मनीत त्याला १०० सीआर ६ म्हणतात, जपानात एसयूजे २, अमेरिकेत ५२१०० आणि चीनमध्ये जीसीआर १५. जात जवळपास एकच. फरक पडतो तो पोलाद किती स्वच्छ आहे, पाणी नीट दिलंय का (म्हणजे तापवून-थंड करून नीट कडक केलंय का) आणि घासकाम किती बारीक आहे यात. चांगला कारखाना या तिन्ही गोष्टी सांभाळतो, मग तो कुठेही असो. जयपूरची एनबीसी १९४६ सालापासून या धंद्यात आहे.

मग बघायचं काय? आधी नंबर. ६२०४ म्हणजे आतलं भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४, जगात कुठेही. नंबरापुढची अक्षरं मात्र बरेच जण वाचतच नाहीत. मोटर तापते, म्हणून तिच्यात बहुधा ‘सी३’ म्हणजे आत थोडी जास्त फट असलेलं बेअरिंग असतं. त्या जागी साधं घातलं तर तापल्यावर ते आवळतं, मग ते कोणत्याही देशाचं असो. गिरणीत पीठ उडतं. तिथे पत्र्याच्या झाकणाचं (झेडझेड) घेण्यापेक्षा रबरी सीलचं (टूआरएस) बरं, फक्त फेरे फार जास्त असतील तर आधी विचारा.

आणि बसवणं! परत येणाऱ्या तक्रारींमध्ये बेअरिंगचा दोष असतो, पण त्याहून जास्त वेळा हातोडीचा असतो. शाफ्टवर बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकलं की मार गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या फिरतात त्या आतल्या वाटेवर खड्डे पडतात; मग पहिल्या दिवसापासून घरघर सुरू. आतल्या रिंगवर पाइपचा तुकडा धरून सरळ दाबा. सीलबंद नवं बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस कंपनीने मोजून भरलेलं असतं. पट्टाही बेताने ताणा. गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर हिशेबाने त्याचं आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. इथे जर्मनीसुद्धा वाचवू शकत नाही.

चिनी मालाबद्दल स्पष्ट सांगतो. नाव, नंबर आणि पक्कं बिल असलेला चिनी माल आम्ही ठेवतो. हातगाडीला, गेटच्या चाकाला तो पुरतो. बिननावाचा माल आम्ही ठेवत नाही, मग तो कुठलाही असो. देशी कारखान्याचंच घ्यायचं अशी तुमची इच्छा असेल तर ती आम्हाला पटते. फक्त तेव्हाही डबा उघडून नंबर वाचा. कोरलेली अक्षरं पुसट असतील किंवा भाव नेहमीपेक्षा फारच कमी असेल तर परत ठेवा. काही मोठ्या कंपन्यांनी बनावट माल ओळखायला मोबाइल अ‍ॅप काढली आहेत, ती कशी वापरायची ते आम्ही काउंटरवर दाखवू.

येताना जुनं बेअरिंग न धुता आणा. ग्रीसचा रंग आणि वाटेवरच्या खुणा बघून ते कशाने गेलं हे बहुतेक वेळा सांगता येतं, आणि त्याचे पैसे आम्ही घेत नाही.