क्लायमेट स्टार्टअपला मोठ्या कंपनीसोबत काम करायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

बॉयलरचं जळण वाचवणारं यंत्र किंवा सांडपाण्यातून पाणी परत मिळवणारं युनिट बनवणाऱ्या नव्या कंपन्या हमखास एक प्रश्न विचारतात: अमुक मोठ्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी कायद्याने बाजूला काढाव्या लागणाऱ्या निधीतून, आम्हाला पैसे मिळतील का?

अनुदान म्हणून थेट मिळत नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारं मूल्य) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यापैकी एक जरी निकष लागू झाला तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. पण हा पैसा नफ्यासाठी चालणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेडला वाटता येत नाही. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सरकारी निधीवर चालणाऱ्या इन्क्युबेटरना (नव्या कंपन्यांना जागा, सल्ला आणि ओळखी देणाऱ्या संस्थांना) मदत करण्याची सोय आहे, म्हणजे वाट इन्क्युबेटरकडून जाते. शिवाय कंपनीने स्वतःच्या नेहमीच्या धंद्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. तेव्हा तिच्याच कारखान्यातला पायलट (यंत्राची छोट्या प्रमाणावरची चाचणी) सीएसआरमधून करून घेऊ, हा बेत सोडलेला बरा. त्यासाठी रीतसर पर्चेस ऑर्डर मागा.

आधी डीपीआयआयटीची मान्यता

डीपीआयआयटी म्हणजे केंद्र सरकारचा उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभाग. खालच्या सवलती आणि सीड फंड हवा असेल तर त्याची स्टार्टअप म्हणून मान्यता लागते. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्था अर्ज करू शकते. प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, चालत नाही. सर्वसाधारणपणे स्थापनेला 10 वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा. जुनाच धंदा तोडून किंवा नाव बदलून काढलेली कंपनी अपात्र ठरते. उलाढालीलाही कमाल मर्यादा आहे, पण नवख्यांना ती सहसा आड येत नाही.

अर्ज स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि त्याला फी नाही. 'आम्ही करून देतो' म्हणत हजारो रुपये घेणारे भेटतील. त्यांना दूरच ठेवा. नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन, संचालकांचा किंवा भागीदारांचा तपशील, अर्ज करणाऱ्याच्या नावे अधिकारपत्र आणि नावीन्य सांगणारी टिपणी तयार ठेवा. पिच डेक (धंद्याची ओळख करून देणाऱ्या स्लाइड्स), वेबसाइट, पेटंट असेल तर तेही जोडा.

खरी मेहनत त्या टिपणीवर घ्या. 'आम्ही पर्यावरणपूरक तंत्रज्ञानातून शाश्वत भविष्य घडवतो' या वाक्यातून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'कापड प्रोसेसिंग युनिटमधल्या बॉयलरच्या धुराड्यातून वाया जाणारी उष्णता आम्ही फीडवॉटर तापवायला वापरतो. बाजारातली उपकरणं मोठ्या बॉयलरसाठी आहेत, आमचं छोट्या बॉयलरवर बसतं.' सध्या काय वापरतात, त्यात अडचण काय आणि तुमचं वेगळं काय, एवढं आलं पाहिजे.

मान्यता मिळाली की पेटंटच्या फीमध्ये 80 टक्के सवलत मिळते. प्राप्तिकरातली सूट मात्र आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

सीड फंड

सुरुवातीचं भांडवल पुरवणारी केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना 2021 साली 945 कोटींच्या तरतुदीने सुरू झाली. मुळात ती चार वर्षांसाठी होती, म्हणून कागद जमवण्याआधी पोर्टलवर अर्ज घेणं चालू आहे का ते पाहा. अटी अशा: डीपीआयआयटी मान्यता हवी, अर्जाच्या दिवशी कंपनीला दोन वर्षांहून जास्त झालेली नसावीत, भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा किमान 51 टक्के असावा आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून 10 लाखांहून जास्त आर्थिक मदत घेतलेली नसावी. स्पर्धेतलं बक्षीस यात मोजत नाहीत. ऊर्जा, पाणी, कचरा व्यवस्थापन, शेती ही क्षेत्रं प्राधान्याच्या यादीत आहेत.

प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, तेही टप्प्याटप्प्याने. बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) कर्जरोखे असतात. व्याज रेपो दरापेक्षा (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते) जास्त नाही, मुदत जास्तीत जास्त 60 महिने, तारण किंवा हमी नाही. बँकेत अशा अटी नव्या कंपनीला कोण देतं! मात्र या पैशातून शेड किंवा इतर सुविधा उभारता येत नाहीत. यंत्रं बनवणाऱ्यांची अंदाजपत्रकं नेमकी इथे अडकतात.

अर्ज पैसे वाटणाऱ्या इन्क्युबेटरकडे जातो. एका वेळी तीन इन्क्युबेटर पसंतीक्रमाने निवडता येतात. पवईतलं आयआयटीचं साइन किंवा पुण्यात एनसीएलच्या परिसरातलं व्हेंचर सेंटर ही नावं सगळ्यांनाच ठाऊक असतात, पण नाव बघून निवडू नका. तुमच्या क्षेत्रातली प्रयोगशाळा आणि उद्योगांशी ओळख कुणाकडे आहे ते पाहा, कारण पायलटसाठी कंपनी मिळायची तर ती बहुधा तिथूनच मिळते.

कंपनीशी करार करताना

बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानुसार बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीबद्दलचा अहवाल द्यावा लागतो. त्यात वीज, पाणी, उत्सर्जन यांचे आकडे लागतात. त्यामुळे तुमच्या यंत्राइतकीच त्यांना मोजणीही हवी असते. मीटर कुणाचा, आधीची पातळी कोणत्या महिन्यांवरून ठरवायची, आकडेवारी कुणाची, पुढेमागे कार्बन क्रेडिट (उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) मिळालं तर ते कुणाच्या नावे, हे करारात लिहून घ्या. पायलटमध्ये सुधारलेल्या डिझाइनचा हक्क कुणाचा, हेही त्यातच येऊ द्या.

आणि काम सुरू होण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करून टाका; आधार-पॅनवर फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकतं करणं अशा उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. पैसे थकले तर अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते, तेव्हा पर्चेस ऑर्डर, डिलिव्हरी चलन आणि काम पूर्ण झाल्याची सहीनिशी पोच पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत चला.