बीव्हरची शिकार बंदुकीने होत नसे

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या रॉकी पर्वतातले सरहद्दीवरचे शिकारी बंदुकीने बीव्हर (ओढ्या-नद्यांत राहणारा, दाट केसांच्या कातड्यासाठी मारला जाणारा प्राणी) टिपत, असं चित्रासकट वर्षानुवर्षं फिरतं. बंदूक त्यांच्याकडे असे, पण ती मांसासाठी आणि संरक्षणासाठी. बीव्हर धरायचे ते लोखंडी सापळ्याने.

सापळ्याचं वजन सुमारे सव्वादोन किलो, साखळी दीड मीटर. ओढ्याच्या काठाशी वीतभरापेक्षाही कमी पाण्यात तो ठेवत आणि साखळीचं टोक खोल पाण्याच्या बाजूला खुंटाने पक्कं करत. वर झुकवलेल्या काडीला बीव्हरच्याच गंधग्रंथीचा स्राव लावत. पाय अडकला की प्राणी खोल पाण्याकडे धावे आणि वजनामुळे बुडे. इथे चूक महागात पडे: साखळी कोरड्या काठाकडे बांधली, तर प्राणी स्वतःचा पाय तोडून निसटे.

बंदूक का नको? बीव्हर बहुतेक रात्री बाहेर पडतो, आवाजाने बाकीचे दडतात आणि गोळीने कातडं फाटतं.

पडताळायचं असेल तर संग्रहालयांतले त्या काळचे सापळे पाहा. १८२५ ते १८४० दरम्यान डोंगरात भरणाऱ्या वार्षिक बाजारांच्या मालयाद्यांतही सापळे सापडतात.