निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे

‘भारताची निम्मी वीज आता कोळशाविना तयार होते’ हे वाक्य अलीकडे वारंवार कानावर येते. ते खरे नाही. मात्र ज्या कामगिरीवरून ते निघाले, ती खरी आहे आणि अभिमानास्पदही आहे. विजेच्या स्थापित क्षमतेपैकी, म्हणजे सगळी वीजकेंद्रे पूर्ण ताकदीने चालली तर जेवढी वीज देऊ शकतील तिच्यापैकी, निम्मी क्षमता २०३० पर्यंत जीवाश्म इंधनाविना (कोळसा, तेल, वायू यांच्याविना) चालणारी असेल, असे भारताने २०२२ मध्ये हवामानबदल रोखण्यासाठीच्या पॅरिस कराराखाली कबूल केले आणि जून २०२५ मध्येच हा टप्पा गाठला.

क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांतला फरक गच्चीवरच्या मीटरवर दिसतो. एक किलोवॉटचा सौर संच चोवीस तास पूर्ण ताकदीने चालला असता, तर दिवसाला २४ युनिट मिळाले असते. पण रात्र, ढग, तिरपे ऊन आणि पॅनेलवरची धूळ वजा जाता सरासरी चारच युनिट पदरात पडतात. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच रात्रंदिवस चालून १५-१६ युनिट देतो. म्हणूनच २०२४-२५ मध्येही देशाची सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती.

चीनने पवन आणि सौर मिळून १,२०० गिगावॉट क्षमतेचे (एक गिगावॉट म्हणजे दहा लाख किलोवॉट) २०३० चे उद्दिष्ट २०२४ मध्येच गाठले, तरी जगातला निम्म्याहून अधिक कोळसा तिथेच जळतो. जगाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०२४ मध्ये ५७.७ अब्ज टनांच्या उच्चांकावर गेले. हवेत साठतात ते टन, आणि कित्येक वचने मात्र क्षमतेत किंवा उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागील उत्सर्जनात मोजलेली आहेत. वाढदिवसाला पाच रोपे लावली की गाडीचा धूर फिटतो, हा समजही सोडायला हवा, कारण झाड कुजले वा जळले की त्याने शोषलेला कार्बन हवेत परततो.

खरी कसोटी संध्याकाळी सात वाजता लागते, जेव्हा सौर वीज शून्यावर येते आणि घरोघरी दिवे, पंखे सुरू होतात. यावरचा एक उपाय सह्याद्रीत घाटघरला उभा आहे. २५० मेगावॉटच्या या प्रकल्पात मागणी कमी असताना खालच्या जलाशयातले पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून, त्याच यंत्रांची चक्रे उलटी फिरवून वीज घेतात. अशा प्रकल्पांत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वीज वाया जाते, पण दुपारचे ऊन संध्याकाळच्या दिव्यापर्यंत पोहोचते.