उद्यानवृक्षांचे व्यवस्थापन (महाराष्ट्रातील महानगरपालिका)

महानगरपालिकेच्या बागांमधली झाडे लावणे, जोपासणे, छाटणे आणि नाइलाज झाल्यास तोडणे या कामांची व्यवस्था. रोजची देखभाल उद्यान विभाग पाहतो. तोडीची परवानगी मात्र झाडांचे संरक्षण व जतन करण्याच्या १९७५ च्या राज्य अधिनियमाखाली नेमलेले वृक्ष प्राधिकरण देते. महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. बाग पालिकेचीच असली, तरी पालिकेलाही ही परवानगी चुकत नाही. प्राधिकरणावर झाडे जाणणारी माणसे असणे अगत्याचे आहे. तज्ज्ञ सदस्य नसल्याच्या मुद्द्यावर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या प्राधिकरणाचे निर्णय रोखले होते, आणि ते योग्यच झाले.

ठराविक वर्षांनी वृक्षगणना होते. मुंबईच्या २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत सुमारे २९.७५ लाख झाडे नोंदली गेली. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज ट्री’, म्हणजे प्राचीन वृक्ष, असा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी रोपे लावण्याची अटही तेव्हाच आली. तरीही ५० रोपांची सावली एका जुन्या वडाएवढी पडायला दोन पिढ्या जातात.

वर्षातले सर्वांत धावपळीचे काम म्हणजे पावसाळ्यापूर्वीची छाटणी. जड फांदी कापताना बुंध्यापासून थोडे अंतर ठेवून आधी खालच्या अंगाने काप घेतात, मग वरून. नाहीतर फांदी स्वतःच्या वजनाने खाली येताना बुंध्याची साल सोलून नेते. उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापायचा असतो. ते कडे शाबूत राहिले तर जखम हळूहळू भरते. ते गेले, तर पाणी मुरून तिथे ढोली पडते. एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या तर तोल जातो आणि वादळात झाड त्याच कारणाने आडवे होते.

मात्र झाडे पडण्याचे मूळ पुष्कळदा जमिनीखाली असते. चालण्याची वाट, कारंजे किंवा विजेची तार यांसाठी खोदताना आधारमुळे तुटतात आणि वर झाड हिरवेगारच दिसत राहते. बुंध्यापर्यंत फरशी किंवा काँक्रीट आले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. म्हणून बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवून आळे करावे लागते. गळलेला पाला जाळण्याऐवजी त्याच आळ्यात पसरला, तर ओल टिकते आणि खतही होते.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशी, गोरखचिंच असे दुर्मीळ वृक्ष आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या या बागेत आज माळीकाम करणाऱ्यांच्या हाती आधीच्या कित्येक पिढ्यांनी सांभाळलेली झाडे आहेत.