पाच माओंची गोष्ट

‘चीनमध्ये सरकारच्या बाजूने एक कॉमेंट टाकली की पाच माओ, म्हणजे अर्धा युआन मिळतो, ही भाडोत्री मंडळी दिवसभर टीकाकारांशी भांडतात.’ पटण्यासारखाच फॉरवर्ड आहे.

पण २०१४ मध्ये जिआंगशी प्रांतातल्या एका जिल्हा प्रचार कार्यालयाचे ईमेल फुटले. अभ्यासकांनी त्यांतल्या सरकारच्या बाजूच्या ४३ हजारांवर पोस्ट तपासल्या. लिहिणारे जवळपास सगळे सरकारी कर्मचारीच निघाले. दर पोस्टमागे पैसे दिल्याचा पुरावा सापडला नाही. आणि भांडण? ते तर टाळलेलंच. हुतात्म्यांना वंदन, स्थानिक विकासाचं कौतुक, असला मजकूर. वादाला उत्तर न देता विषयच बदलायचा (भांडणापेक्षा कितीतरी हुशार युक्ती).

पोस्ट अशा सरकारी मोहिमेतल्या आहेत का हे पडताळायचं तर तारखा बघा: एकाच सुराच्या पोस्ट अचानक ढिगाने येतात, मग सामसूम. एकट्यादुकट्या कौतुकावरून मात्र कुणाला सरकारी ठरवता येत नाही.